अहवाल कोणाचा, जबाबदारी कोणाची?

(आखाडा बाळापूर परिसरातील बचत गटांच्या समन्वयक ताईंनी सामुदायिक रेडिओवर केलेलं भाषण)

बाळापूरहून आम्ही सगळ्या समन्वयक ताई तुमच्याशी बोलतोय. स्वयंपाक आवरला असेल, जनावरांना वैरण टाकून झाली असेल, तर जरा टेकून ऐका. हाताला काम असेल तर काम करत ऐका. रेडिओला काही हात लागत नाहीत.

आजचा विषय ऐकून काहीजणी म्हणतील, हे आपल्या काय कामाचं? विषय आहे, सल्लागार संस्थेतला प्रोजेक्ट मॅनेजर. मराठीत प्रकल्प व्यवस्थापक. पुण्या-मुंबईच्या काचेच्या ऑफिसात बसणारा माणूस, असं चित्र डोळ्यासमोर येतं. पण ज्या गटाला मोठं कर्ज काढून काही उद्योग करायचाय, हळद कांडप, मिरची कांडप, डाळ मिल, दूध संकलन, त्या प्रत्येक गटाची गाठ या माणसाशी पडते. कधी समोरासमोर पडते, कधी नुसती त्याच्या अहवालाशी पडते. आणि तो माणूस कोण, त्याचं काम काय, हे माहीत नसलं की काय होतं ते आम्ही भोगलंय. म्हणून आधी तेच सांगतो.

आपला भाग हळदीचा. कळमनुरी, वसमत, औंढा, कुठंही जा, उन्हाळ्याच्या तोंडाला अंगणात हळद वाळत पडलेली दिसते. हिंगोलीच्या मार्केट यार्डात गाड्यांच्या रांगा लागतात. वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. मग आम्हालाही वाटलं, हळद आपली, राबणाऱ्या आपण, आणि पिवळ्या पाकिटावर नाव मात्र भलत्याचंच. आपणच पावडर करून विकू. बत्तीस बायका तयार झाल्या.

बँकेत गेलो. साहेब म्हणाले, डीपीआर आणा. डीपीआर म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल. किती माल, कोणतं यंत्र, किती खर्च, विक्री कुठं, हप्ता कसा फिटणार, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. आमच्यापैकी कुणालाच तो करता येत नव्हता. ओळखीतून एक जण भेटला. एका सल्लागार संस्थेचं काम करतो म्हणाला. प्रत्येकीनं सातशे रुपये काढले. बत्तीस जणींचे बावीस हजार चारशे झाले. कुणी दुधाच्या पैशातून दिले, कुणी लेकीच्या फीसाठी ठेवलेल्यातून. पावती मागितली नाही. कागद केला नाही. संस्थेत आपलं काम कोण बघणार, हेही विचारलं नाही. पैसे नेणारा वेगळा, फोन उचलणारा वेगळा, आणि अहवाल लिहिणारा कोण ते आजपर्यंत कळलं नाही.

दीड महिन्यानं जाडजूड, रंगीत मुखपृष्ठाचा अहवाल आला. आम्ही हळदीकुंकू लावून तो बँकेत दिला. आठ दिवसांनी साहेबांनी बोलावलं. एका पानावर बोट ठेवून म्हणाले, ताई, हे वाचा. तिथं लिहिलं होतं, मोहोर गळाल्यास कच्च्या मालाचा पुरवठा कमी होऊ शकतो. मोहोर! हळदीला कुठला मोहोर? कोकणातल्या आंब्याचा अहवाल घेऊन नुसतं नाव बदललं होतं. पुढं आणखी वाचलं. कारखाना वर्षातले तीनशे दिवस ओल्या हळदीवर चालेल, असं धरलं होतं. ओली हळद निघते जानेवारी ते मार्चच्या सुमाराला. बाकीचे महिने काय करायचं, त्याचं उत्तर कुठंच नव्हतं. फाईल परत आली. हंगाम गेला. पैसे गेले. आमच्यातली एक ताई त्या दिवसापासून बैठकीला यायची बंद झाली. तिनं एकच विचारलं होतं, याची जबाबदारी कोणाची? आमच्याकडं नाव नव्हतं.

मैत्रिणींनो, त्या प्रश्नाचं उत्तर म्हणजेच प्रोजेक्ट मॅनेजर. ज्याच्या नावावर त्या कामाची जबाबदारी असते, तो माणूस.

सल्लागार संस्था काय विकते?

दुकानदार माल विकतो, कुंभार मडकं विकतो. सल्लागार संस्था काय विकते? ती माणसांचा वेळ आणि माहिती विकते. तिच्याकडं यंत्रांचा जाणकार इंजिनिअर असतो, हिशोबाचा जाणकार असतो, बाजारात फिरून चौकशी करणारा असतो. आपल्याला एक माणूस कायमचा नोकरीला ठेवणं परवडत नाही. म्हणून चार जाणकारांचे थोडे थोडे दिवस आपण विकत घेतो. आपलं नांगराचं नाही का? ट्रॅक्टर आपला नसतो, तासावर सांगतो. तसंच.

हे काही नवं खूळ नाही. उद्योग उभा करणाऱ्या लहान माणसाला असा सल्ला परवडेल अशा दरात मिळावा, म्हणून आपल्या देशात राज्याराज्यांत तांत्रिक सल्लागार संस्था उभ्या राहिल्या. महाराष्ट्रात पुण्याला १९८२ साली मिटकॉन ही संस्था निघाली. वित्त संस्था, राज्याची महामंडळं आणि बँका यांनी मिळून ती काढली. प्रकल्प अहवाल करणं आणि नवउद्योजकांना प्रशिक्षण देणं ही तिची जुनी कामं. आता तर अशा लहानमोठ्या खाजगी संस्था जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. काही चांगल्या असतात, काही नसतात. चांगली कोणती हे पाटीवरून कळत नाही. आपलं काम कोणत्या माणसाच्या हाती दिलंय, त्यावरून कळतं.

मग हा मॅनेजर करतो काय?

आम्ही हळद शिजवणीचं उदाहरण घेतो. हळद काढली, आता शिजवायची. कुकर भाड्याचा, तो दोन गावं फिरून आपल्याकडं यायचा. जळण आधी आणून ठेवलेलं हवं. पाण्याची टाकी भरलेली हवी. मजूर बायका त्याच दिवशी हव्यात. वाळवायला जागा साफ केलेली हवी. आभाळ आलं तर झाकायला ताडपत्री हवी. यातलं एक जरी चुकलं तरी बाकीचं सगळं बसून राहतं. कुकर आला आणि जळण नाही, तर भाडं चालू आणि काम बंद. घरात हे सगळं डोक्यात ठेवणारी एक बाई असते. ती स्वतः चुलीपाशी बसत नाही, पोतं उचलत नाही, पण ती नसली की काम कोलमडतं. तिला कुणी मॅनेजर म्हणत नाही, पण काम तेच आहे.

सल्लागार संस्थेतला प्रोजेक्ट मॅनेजर पाच गोष्टी सांभाळतो.

पहिली गोष्ट, कामाची हद्द. काय करायचं आणि काय नाही करायचं, हे तो सुरुवातीलाच लिहून घेतो. अहवाल करायचा, की यंत्र बसेपर्यंत सोबत राहायचं? बँकेनं शंका काढल्या तर उत्तर कोण देणार? हे आधी ठरलं नाही तर शेवटी भांडण ठरलेलं. बांध घातलेला नसला की शेजारी भांडतात, तसंच.

दुसरी, वेळ. कोणतं काम कशाच्या आधी, कोणतं नंतर, आणि कोणतं काम अडलं की सगळंच अडतं, याचा तो तक्ता करतो. शंभरेक वर्षांपूर्वी हेन्री गँट नावाच्या अमेरिकन इंजिनिअरनं आडव्या पट्ट्यांचा तक्ता वापरात आणला. वर तारखा, बाजूला कामं, आणि प्रत्येक कामापुढं जितके दिवस लागणार तितकी लांब पट्टी. आजही मॅनेजर लोक तोच वापरतात. तुम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर रंगीत खडूनं करू शकता. आम्ही केलाय.

तिसरी, पैसा. सल्लागार संस्थेत प्रत्येक माणसाचा दिवस मोजला जातो. समजा आपल्या कामासाठी इंजिनिअरचे चार दिवस, बाजार पाहणीचे आठ दिवस, हिशोबवाल्याचे तीन दिवस आणि मॅनेजरचे सहा दिवस ठरले. एकूण एकवीस दिवस. त्यावरून फी ठरते. दिवस जास्त गेले तर संस्थेला तोटा. दिवस चोरले तर आपल्याला तोटा. मॅनेजर या दोन्हीच्या मधे उभा असतो.

चौथी, माणसं. इंजिनिअर एक बोलतो, हिशोबवाला दुसरं बोलतो. इंजिनिअर म्हणतो मोठं यंत्र घ्या, हिशोबवाला म्हणतो परवडत नाही. दोघांना समोरासमोर बसवून एक निर्णय काढणं मॅनेजरचं काम. शिवाय आपणही माणसंच. अध्यक्षा एक म्हणते, सचिव दुसरं, आणि घरी गेल्यावर नवरा तिसरंच सांगतो.

पाचवी, तपासणी. अहवाल आपल्या हातात येण्याआधी तो त्यानं ओळ न् ओळ वाचलेला असला पाहिजे. आमच्या अहवालातला तो मोहोर कुणीच वाचला नव्हता. म्हणजे तिथं टायपिंग करणारा होता, मॅनेजर नव्हता.

आणि एक अवघड गोष्ट सांगतो. या माणसाला दोन धनी असतात. एक आपण, ज्यांचं काम आहे. दुसरी त्याची संस्था, जी पगार देते. आपण म्हणतो अजून चार दुकानं बघा. संस्था म्हणते दिवस संपले, परत ये. सुनेला सासरमाहेर सांभाळावं लागतं, तसं त्याचं असतं. आणि आपल्यावर त्याचा हुकूमही चालत नाही. तो नुसतं सांगू शकतो, समजावू शकतो. ऐकायचं की नाही ते आपल्या हातात.

दुसऱ्यांदा काय झालं

पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा उभ्या राहिलो. सोपं नव्हतं. दोन बैठका नुसत्या रडण्याभांडण्यात गेल्या. शेवटी प्रोसिडिंग बुकात ठराव लिहिला, की आधी नाव, मग पैसे. दुसऱ्या एका संस्थेला विचारलं. पहिला प्रश्न टाकला, आमचं काम कोण बघणार, त्याला बाळापूरला पाठवा.

तिशीतल्या एक मॅडम एसटीनं आल्या. फाट्यावर उतरून चालत आल्या. आम्हाला वाटलं आता लॅपटॉप उघडतील. त्यांनी आमचं प्रोसिडिंग बुक मागितलं आणि तासभर वाचत बसल्या. मग विचारलं, तुमच्यात शेवटचा निर्णय कोण घेतं? आम्ही एकमेकींकडं बघितलं. त्या म्हणाल्या, मला रोज बत्तीस फोन आले तर काम होणार नाही. तुमच्याकडून एक ताई द्या. तिला सगळी माहिती असेल, ती तुम्हाला सांगेल, मला सांगेल. त्या दिवशी आमच्याही बाजूनं एक मॅनेजर नेमली गेली. बारावी झालेली, हिशोबाला पक्की, बोलायला थोडी लाजरी. पहिल्यांदा कुणीतरी तिच्या नावापुढं जबाबदारी लिहिली.

मग मॅडमनी प्रश्न विचारले. तुमच्या सगळ्यांची मिळून वाळलेली हळद किती? आम्ही ओल्या हळदीचा आकडा सांगितला. त्या म्हणाल्या, वाळल्यावर किती राहते ते तुम्हीच सांगा. खरंच की. पाच क्विंटल ओली हळद शिजवून वाळवली की साधारण एक क्विंटल हळकुंड हाती येतं. आम्ही आयुष्यभर हळद केली, पण कर्जाचा हिशोब करताना हे विसरलो होतो. मग त्यांनी विचारलं, पैशाची गरज म्हणून यातली किती हळद तुम्ही लगेच व्यापाऱ्याला विकता? इथं सगळ्या गप्प. कारण खरं असं होतं, की निम्म्याहून जास्त हळद लग्नाला, दवाखान्याला, उधारीला लगेच जाते. घरोघर विचारून बेरीज केली तेव्हा पावडरीसाठी वर्षाला शंभर क्विंटलच्या वर हळद उरत नव्हती.

त्यांचा इंजिनिअर येऊन जागा बघून गेला. महावितरणच्या ऑफिसात जाऊन थ्री फेज लाईन कुठून मिळेल ते विचारून आला. पाहणी करणारा मुलगा हिंगोली, वसमत, नांदेडच्या किराणा दुकानांत फिरला. मधेच त्याची दुसऱ्या कामावर बदली झाली, तेव्हा मॅडमनी त्याची वही मागून घेतली आणि राहिलेली दुकानं स्वतः बघितली. आम्हाला हे नंतर कळलं. काम थांबलं नाही एवढंच आम्हाला दिसलं होतं.

आणि आमचं काय? आम्ही रोज नवीन सुचवत होतो. मॅडम, मिरचीचंही धरा. मॅडम, सोलरचं बघा. मॅडम, पापडाचंही टाका. त्यांनी एक साधी वही केली. प्रत्येक नवीन मागणी त्यात लिहायची आणि समोर तीन रकाने: दिवस किती वाढतील, फी किती वाढेल, नाहीतर त्याच्या बदल्यात काय सोडायचं. रकाने भरायला बसलो आणि आमच्याच निम्म्या मागण्या आम्ही खोडल्या.

सहा आठवड्यांनी त्यांनी सगळ्यांपुढं अहवाल मांडला. आमच्या मनात मोठं यंत्र होतं, तासाला क्विंटलभर दळणारं. मॅडमनी फळ्यावर हिशोब केला. तासाला एक क्विंटल, दिवसाला वीज टिकून सहा तास धरले तर सहा क्विंटल. तुमची हळद शंभर क्विंटल. म्हणजे यंत्र वर्षातून सतरा दिवस चालणार. हप्ता मात्र बाराही महिने. त्यांचा सल्ला होता, मोठं यंत्र घेऊ नका. लहान घ्या, पहिल्या वर्षी वीस-पंचवीस क्विंटलच करा. आणि यंत्रापेक्षा खेळत्या भांडवलाची सोय आधी करा, कारण किराणा दुकानदार महिना-दोन महिने पैसे थांबवतात, आणि हळद तर हंगामातच घेऊन ठेवावी लागते.

आमच्या अध्यक्षाताई भडकल्या. म्हणाल्या, पैसे आम्ही दिले आणि नाही ऐकायला दिले का? मॅडम शांत होत्या. म्हणाल्या, ताई, हो म्हणणारा तुम्हाला फुकट मिळेल, यंत्र विकणारा दुकानदार हो म्हणेल. माझी फी नाही म्हणायची वेळ आली तर तसं सांगण्यासाठीच आहे.

त्या रात्री आम्हाला कळलं की पहिल्या वेळी आपण नक्की काय गमावलं. तो खोटा अहवाल बँकेनं परत केला नसता, चुकून मंजूर केला असता, तर बत्तीस घरांच्या डोक्यावर सतरा दिवस चालणाऱ्या यंत्राचं कर्ज बसलं असतं. बावीस हजार स्वस्तात सुटलो.

आता लहान यंत्र चालू आहे. फार मोठं काही झालं नाही. पाकिटावर आपलं नाव आहे, हप्ता वेळेवर जातो. बैठकीला यायची बंद झालेली ताई अजून गटात परत आली नाही. पण ती हळद मात्र आमच्याकडं दळायला आणते.

सरकारी योजनेत हा माणूस कुठं भेटतो?

सगळीकडं खाजगी संस्थेला पैसे द्यावे लागतात असं नाही. हे नीट ऐका, कारण इथं बायका फसतात.

प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना २०२० मध्ये सुरू झाली. तिच्यात आपल्या हिंगोली जिल्ह्याचं उत्पादन हळद धरलंय. पात्र खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान, असा नियम आहे. स्वतःचा हिस्सा किमान १० टक्के, बाकी बँकेचं कर्ज. अन्नप्रक्रिया करणाऱ्या बचत गटातल्या सदस्याला खेळतं भांडवल आणि लहान अवजारांसाठी ४० हजार रुपयांपर्यंत बीजभांडवलाची सोयही त्यात ठेवली. या योजनेत अर्ज आणि अहवाल करून द्यायला जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात. कर्ज मंजूर झालेल्या प्रत्येक प्रकरणामागं त्यांना २० हजार रुपये योजनेतून मिळतात. निम्मे कर्ज मंजूर झाल्यावर, निम्मे उद्योगाच्या नोंदण्या, प्रशिक्षण आणि उभारणी झाल्यावर. म्हणजे या माणसाचे पैसे सरकार देतं. त्यासाठी तुमच्याकडं कुणी वेगळे मागत असेल तर आधी कृषी विभागात जाऊन विचारा. अर्ज सध्या चालू आहेत का, तेही तिथंच विचारा.

आणखी एक. हे अनुदान हातात रोख मिळत नाही. ते बँकेत तुमच्या कर्जाच्या नावावर ठेवलं जातं आणि तीन वर्षं हप्ते नीट गेले तर कर्जात वळतं होतं. सुरुवातीला हे सांगणारा माणूस आणि न सांगणारा माणूस, यातच चांगला आणि वाईट सल्लागार कळतो.

तसंच दहा हजार शेतकरी उत्पादक कंपन्यांची केंद्राची योजना. तीही २०२० ची. तिच्यात कंपनी उभी करून पाच वर्षं हात धरून चालवायला एक संस्था नेमतात आणि तिला एका कंपनीमागं २५ लाखांपर्यंत रक्कम सरकार देतं. तुम्ही अशा कंपनीच्या भागधारक असाल तर वार्षिक सभेत उभं राहून विचारा, आपली ती संस्था कोणती आणि तिच्याकडून आपलं काम बघणारी व्यक्ती कोण? हा प्रश्न विचारायचा तुम्हाला हक्क आहे. तुमच्याच नावावर ते पैसे आलेत.

सल्ला फुकट मिळण्याच्या जागाही आहेत. तोंडापूरचं कृषी विज्ञान केंद्र आपल्याच तालुक्यात आहे. वसमतला हळद संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. उमेदच्या प्रभागसंघात, माविमच्या लोकसंचालित साधन केंद्रात आधी विचारा. तिथून जे मिळत नाही तेवढंच विकत घ्या.

पैसे देण्याआधी काय विचारायचं?

हे लिहून घ्या. पोरीला पेन घेऊन बसवा.

आमचं काम कोण बघणार? नाव, फोन, आणि याआधी कोणतं काम केलं ते सांगा. ज्यांचं केलं त्यांच्याशी आम्हाला बोलू द्या.

तुम्हाला पैसे कोण देतंय? आम्ही, सरकार, की यंत्र विकणारी कंपनी? यंत्रवाल्याकडून कमिशन घेणारा माणूस तुम्हाला लहान यंत्र घ्या म्हणेल का?

काय काय करून देणार आणि कधी? गटाच्या नावानं दोन पानांचा करार हवा, तोही मराठीत. इंग्रजीत असला तर कुणाकडून तरी वाचून घ्या. समजला नाही तर सही करू नका.

पैसे टप्प्याटप्प्यानं द्या. थोडे सुरुवातीला, थोडे कच्चा अहवाल आल्यावर, थोडे पक्का आल्यावर, आणि शेवटचा हिस्सा बँकेच्या शंकांना उत्तरं दिल्यावर. रोख नाही, गटाच्या खात्यातून. पावतीशिवाय तर नाहीच.

कच्चा अहवाल सगळ्यांपुढं वाचून दाखवायला सांगा. आपल्या गावाचं, पिकाचं, विजेचं त्यात खरं लिहिलंय का, हे तुमच्याइतकं कुणालाच कळत नाही. मोहोर तुम्हालाच सापडेल.

आणि आपल्या बाजूनं एक ताई नेमा. तिला प्रवासखर्च द्या. तिनं विचारलेल्या प्रश्नांना खरी उत्तरं द्या. हळद किती, कर्ज किती, उधारी किती, हे लपवून ठेवलं तर जगातला कोणताच मॅनेजर खरा अहवाल करू शकत नाही. चुकीचं माप दिलं तर शिंप्यानं कसं शिवावं?

आपल्या लेकींसाठी

शेवटी एक गोष्ट. त्या मॅडम जाताना आमच्या त्या लाजऱ्या ताईला म्हणाल्या, तुम्ही जे दीड महिना केलं, तेच मी नोकरीत करते. आम्ही सगळ्या हसलो. पण घरी जाऊन विचार केला तर खरं होतं.

ज्यांच्या लेकी शिकतायत त्यांनी हे लक्षात ठेवा. या कामाला इंजिनिअरच लागतो असं नाही. शेतकी, वाणिज्य, समाजकार्य, कोणत्याही पदवीनंतर मुली व्यवस्थापन शिकतात. पुण्याला वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकारी प्रबंध संस्थेत कृषी व्यवसाय व्यवस्थापनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. अमेरिकेत १९६९ साली निघालेली प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट नावाची संस्था या कामाची परीक्षाही घेते. पण तिला बसायचं तर प्रकल्प चालवल्याचा काही वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. म्हणजे कुणीच पहिल्या दिवशी मॅनेजर होत नाही. आधी दुकानं फिरणारी पोरगी, मग हिशोब जुळवणारी, मग सगळ्यांना एकत्र बसवणारी. चार लोकांत बोलायला, लिहून ठेवायला, आणि वेळेवर नाही म्हणायला ती शिकली, की पाया झाला. हे तिघीही गटाच्या बैठकीत शिकता येतात. तिला बैठकीला सोबत आणत जा.

तर मैत्रिणींनो, या महिन्याच्या बैठकीत एक काम करा. तुमच्या गटानं आजवर केलेला एखादा अहवाल, एखादी फाईल कपाटातून काढा. पहिलं पान बघा. त्यावर जबाबदार माणसाचं नाव आहे का? नसेल तर पुढच्या वेळी ते असल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, असा ठराव लिहा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या.

आम्ही बाळापूरलाच आहोत. काही अडलं तर बैठकीच्या दिवशी या. चहा आमच्याकडं. नमस्कार.